पुडक्याचं वजन आणि फाशी

प्रिय मंदार,

तुमच्या मंडळाच्या फाशीच्या ठरावाबद्दलचं तुझं पत्र पोचलं. ‘दोन-चार एमडीवाले चौकात लटकवले की बाकीचे आपोआप सरळ येतील, पण आपल्याकडे तसा कायदा करायची हिंमतच नाही,’ असं तू लिहिलंस. एमडी नावाचा अंमली पदार्थ विकणाऱ्यांवरचा तुझा राग रास्त आहे, पण कायदा नाही म्हणतोस ते खरं नाही. अंमली पदार्थांच्या व्यापाराला फाशी आपल्या कायद्यात १९८९ पासून आहे. ती कुणाला लागते आणि कशी, तिथूनच सुरुवात करतो.

१९८५ च्या अंमली पदार्थविरोधी (एनडीपीएस) कायद्यात मुळात फाशी नव्हती. १९८८ च्या दुरुस्तीने कलम ३१-अ घातलं आणि पुढच्या मे महिन्यात ते लागू झालं. त्यात दोन पायऱ्या आहेत. आरोपी आधी एकदा मोठ्या गुन्ह्यात दोषी ठरलेला हवा, म्हणजे व्यापारी प्रमाणातला (कायद्याने ठरवलेल्या मोठ्या वजनाचा) माल किंवा धंद्याला पैसा पुरवणं अशा गुन्ह्यात. परदेशी न्यायालयात अशाच गुन्ह्याला झालेली शिक्षाही धरतात. मग दुसऱ्या वेळी सापडलेला माल कलमातच दिलेल्या तक्त्याएवढा भरावा लागतो: हेरॉइन, मॉर्फीन किंवा कोडीन १ किलो, अफू १० किलो, चरस २० किलो, कोकेन ५०० ग्रॅम, मेथाम्फेटामाइन किंवा अ‍ॅम्फेटामाइन दीड किलो. धंद्यात पैसा घालणाराही या कलमात येतो, त्याच्याकडे मी नंतर वळतो. हे आकडे व्यापारी प्रमाणाच्या बरेच वर आहेत. हेरॉइनचं व्यापारी प्रमाण २५० ग्रॅम, कोकेनचं १०० ग्रॅम, चरसचं १ किलो. तेवढ्या मालावर पहिल्याच गुन्ह्याला दहा ते वीस वर्षं सक्तमजुरी आणि एक ते दोन लाख रुपये दंड होतो.

आता गंमत बघ. त्या तक्त्यात गांजा नाही. आणि तू ज्याच्यावर एवढा चिडलायस ते एमडी, म्हणजे मेफेड्रोन, तेही नाही. मेफेड्रोन २०१५ मध्ये या कायद्याखाली आलं. ५० ग्रॅम झाले की ते व्यापारी प्रमाण आणि शिक्षा वीस वर्षांपर्यंत, पण फाशीच्या तक्त्यात ते कुणी घातलं नाही. म्हणजे मेफेड्रोनचा कारखाना चालवणारा पुन्हा पुन्हा सापडला तरी मालाच्या वजनावर तो फाशीपर्यंत पोचत नाही आणि चरसच्या दुसऱ्या खेपेत वीस किलोवर सापडलेला ट्रकवाला पोचतो. फाशीच्या मागणीवर तावातावाने बोलणाऱ्या किती जणांनी हा तक्ता वाचलाय, मला शंका आहे.

मूळ कलमात फाशी सक्तीची होती. न्यायाधीशाला दुसरा पर्यायच नव्हता. मुंबईच्या विशेष न्यायालयाने २००८ मध्ये चरसच्या एका प्रकरणात या कलमाखाली फाशी सुनावली आणि प्रश्न उच्च न्यायालयात गेला. १६ जून २०११ रोजी न्यायमूर्ती खानविलकर आणि न्यायमूर्ती भंगाळे यांच्या खंडपीठाने ही सक्ती घटनेच्या कलम २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात, बसत नाही असं ठरवलं. आधार जुनाच होता. १९८३ च्या मिठू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेपेच्या कैद्याने खून केल्यास सक्तीची फाशी देणारं भारतीय दंड विधानाचं कलम ३०३ याच कारणावरून रद्द केलं होतं. मुंबईच्या खंडपीठाने फाशी काढली नाही, सक्ती काढली. २०१४ मध्ये संसदेनेही कलम तसं बदललं: वाढीव कारावास किंवा फाशी. या कलमाखाली आजवर कुणालाही प्रत्यक्ष फासावर चढवलेलं नाही.

म्हणजे ‘फाशी आणा’ या मागणीचा खरा अर्थ ‘ती पहिल्याच गुन्ह्याला आणा आणि पुन्हा सक्तीची करा’ असा होतो. पंजाबच्या मंत्रिमंडळाने जुलै २०१८ मध्ये पहिल्या गुन्ह्याबद्दल हेच केंद्राला सुचवलं होतं. तसा कायदा चालतो कसा हे पाहायचं तर सिंगापूरकडे बघावं लागतं. तूही त्याचंच उदाहरण दिलंयस.

सिंगापूरचा कायदा १९७३ चा, व्यापाराला फाशी १९७५ पासून. १५ ग्रॅमपेक्षा जास्त हेरॉइन, ३० ग्रॅमपेक्षा जास्त कोकेन, ५०० ग्रॅमपेक्षा जास्त गांजा, २५० ग्रॅमपेक्षा जास्त मेथाम्फेटामाइन सापडलं की फाशी. इथे एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. तिथे हेरॉइनचे १५ ग्रॅम म्हणजे शुद्ध हेरॉइन. प्रयोगशाळा भेसळ वजा करून आकडा देते. आपल्याकडे उलट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात सांगितलं की मिश्रणाचं संपूर्ण वजन धरायचं, त्यातली पावडर, साखर, जे काही असेल त्यासकट. त्याआधी २००८ च्या निकालामुळे शुद्ध अंश मोजायची पद्धत होती. हिशेब करून बघ. ३०० ग्रॅमचं पुडकं, त्यात हेरॉइन फक्त पाच टक्के, म्हणजे १५ ग्रॅम. सिंगापूरमध्ये तो माणूस फाशीच्या रेषेवर उभा राहतो, पण रेषा ओलांडत नाही. आपल्याकडे २५० ग्रॅमची रेषा ओलांडून थेट व्यापारी प्रमाणात जातो. रस्त्यावरचा माल जितका भेसळीचा, तितकं आपल्याकडे वजन वाढतं. सिंगापूरच्या सक्तीला आपली मोजण्याची पद्धत जोडली तर वरचा शुद्ध माल हाताळणाऱ्यापेक्षा खालचा फुटकळ विक्रेता आधी फासाखाली येईल. हा धोका मला सगळ्यात मोठा वाटतो आणि चर्चेत त्याचा उल्लेखही नसतो.

दुसरी गोष्ट गृहीतकांची. सिंगापूरमध्ये २ ग्रॅमपेक्षा जास्त हेरॉइन जवळ असलं की ते विकायलाच आहे असं गृहीत. बॅग, गाडी किंवा घराची किल्ली तुझ्याकडे असली की आतला माल तुझ्या ताब्यात असं गृहीत, आणि ताबा आला की तो कोणता पदार्थ आहे हेही तुला माहीत होतं असं गृहीत. नव्हतं हे आरोपीनेच सिद्ध करायचं. मलेशियात असंच गृहीतकावर गृहीतक रचणारं कलम होतं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते घटनाबाह्य ठरवलं. आपल्याकडेही कलम ३५ आणि ५४ मध्ये गृहीतकं आहेत. फरक एवढाच की आपली न्यायालयं ताबा आधी सरकार पक्षाने सिद्ध करावा असं म्हणतात, मग गृहीतक लागू होतं.

हे कागदावरचं वाटत असेल तर २०१९ ची दोहा विमानतळावरची घटना आठव. मुंबईचं एक तरुण जोडपं फिरायला निघालं, नातेवाईक बाईंनी एक पाकीट सोबत दिलं, त्यात चार किलोच्या आसपास चरस निघालं. दहा वर्षांची शिक्षा झाली. इथे तपास होऊन त्यांना फसवून माल दिला गेल्याचं पुढे आलं, आणि २०२१ मध्ये ते निर्दोष सुटले. फाशीच्या देशात, गृहीतकांच्या कायद्याखाली हेच घडलं असतं तर त्या तपासाला वेळ मिळालाच असता याची खात्री कोण देणार?

सिंगापूरनेही २०१३ पासून थोडी सूट दिली. आरोपी केवळ वाहक होता हे सिद्ध झालं आणि त्याने तपासाला भरीव मदत केल्याचं प्रमाणपत्र सरकारी वकिलांनी दिलं, तर न्यायाधीश फाशीऐवजी जन्मठेप आणि किमान १५ फटके देऊ शकतात. मानसिक विकार सिद्ध झाला तर जन्मठेप, फटक्यांशिवाय. ऐकायला ठीक आहे. पण भरीव मदत करायची तर माहिती असावी लागते, आणि वाहकाला ती नसावी अशीच साखळीची रचना असते. ज्याने बॅग दिली त्याचं खरं नावही त्याला ठाऊक नसतं. ज्याला वरची चार नावं माहीत आहेत तो सौदा करू शकतो, ज्याला काहीच माहीत नाही तो लटकतो. नागेंद्रन धर्मलिंगम हा मलेशियन तरुण ४२.७२ ग्रॅम हेरॉइन मांडीला बांधून येताना २००९ मध्ये पकडला गेला. त्याचा बुद्ध्यांक ६९ असल्याचं न्यायालयापुढे आलं होतं. २७ एप्रिल २०२२ ला त्याला फाशी झाली. पुढच्या वर्षी, २६ एप्रिलला, तंगराजू सुप्पय्या या तमिळ वंशाच्या माणसाला १०१७.९ ग्रॅम गांजासाठी फाशी दिली. त्याच्या हातात माल कधी सापडलाच नव्हता. व्यवहारात वापरलेले फोन क्रमांक त्याचे, यावरून त्याला जोडलं गेलं.

तुझा मुख्य मुद्दा धाकाचा. त्याला हलक्यात घेणं बरं नाही. सिंगापूर सरकारचं म्हणणं असं की १९९० मध्ये अफूलाही फाशीची रेषा आखल्यावर दर खेपेमागे पकडलेल्या अफूचं सरासरी वजन बरंच घटलं, म्हणजे विक्रेते आकडा पाहून वागतात. मला हे पटतं, आकडा पाहूनच वागतात. पण त्यातून निघतं काय? माल लहान पुड्यांत विभागला जातो आणि रेषेखाली ठेवला जातो. धंदा थांबतो असं त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय सिंगापूर हे एक शहर आहे, मोजके प्रवेशमार्ग, कडक नाकी, आणि पकडलं जाण्याची शक्यता जबर. तिथला धाक दोराचा किती आणि नाक्याचा किती, हे वेगळं काढता येत नाही.

इराणचा अनुभव मला जास्त बोलका वाटतो. तिथे ३० ग्रॅम हेरॉइनला फाशी होती आणि वर्षाला शेकडो माणसं याच गुन्ह्यात लटकत होती. २०१७ च्या दुरुस्तीने रेषा २ किलोवर नेली, अफूची ५ किलोवरून ५० किलोवर. पुढच्या वर्षी या गुन्ह्यातल्या फाशा एकदम खाली आल्या. २०२१ पासून, कायदा तोच असताना, पुन्हा वाढल्या. म्हणजे आकडा कायद्यावर जितका अवलंबून, तितकाच सत्तेच्या मर्जीवर. आणि या सगळ्या काळात अफगाणिस्तानातून माल येतच राहिला. तो घटला ते तालिबानने एप्रिल २०२२ मध्ये खसखशीच्या लागवडीवर बंदी घातल्यावर: २०२२ मधलं सुमारे २ लाख ३३ हजार हेक्टर क्षेत्र २०२३ मध्ये ११ हजार हेक्टरच्याही खाली गेलं. त्याच वर्षी म्यानमार जगातला सगळ्यात मोठा अफू उत्पादक ठरला. एका ठिकाणी दाबलं की दुसरीकडे फुगतं.

आता ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते. आपल्याकडे खटले कुठे पडतात? शिक्षा कमी म्हणून नाही. वीस वर्षांची शिक्षा, कलम ३७ मुळे जवळपास अशक्य जामीन, आरोपपत्राला नव्वदऐवजी १८० दिवस आणि अर्ज केला तर वर्षभर. यापेक्षा धाकदपटशा तो काय हवा? खटले पडतात पंचनाम्यात.

खबर आली की ती लिहून घ्यायची आणि तिची प्रत ७२ तासांत वरिष्ठाकडे पाठवायची, हे कलम ४२. सूर्यास्तानंतर बंद जागेत वॉरंटशिवाय शिरायचं तर कारणं आधी लिहायची. नोंद मागाहून ‘तयार’ केली की आवक-जावक नोंदवहीत क्रम जुळत नाही आणि बचाव पक्षाचा वकील नेमकी तीच मागवतो. कलम ५० प्रमाणे अंगझडतीआधी आरोपीला सांगायचं की राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती घ्यायचा तुला हक्क आहे. अधिकारी पुष्कळदा तिसरा पर्याय स्वतःच जोडतात, ‘किंवा आमच्या पथकातल्या साहेबांसमोर’, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तो चालणार नाही असं सांगितलं आहे. हे कलम अंगाला लागतं, हातातल्या बॅगेला नाही, म्हणून माल कुठे होता हे शब्द पंचनाम्यात नेमके हवेत.

मग नमुने. कलम ५२-अ प्रमाणे यादी, छायाचित्रं आणि नमुने दंडाधिकाऱ्यासमोर. २०१६ च्या मोहनलाल निकालानंतर आणि २०२२ च्या नियमांनंतर यात पळवाट उरलेली नाही. नमुना दोन प्रतींत, बहुतेक पदार्थांचा ५ ग्रॅम, अफू, गांजा आणि चरस यांचा २४ ग्रॅम. नेहमीची चूक अशी की वीस पुडकी सापडली, सगळी एका पिशवीत ओतली, मिसळली आणि वरून नमुना काढला. मग कोणत्या पुडक्यात हेरॉइन होतं आणि कोणत्यात नुसती पावडर, हे कुणी सांगू शकत नाही. आधी प्रत्येक पुडकं जागेवरच्या तपासणी किटवर तपासायचं, रंग आणि प्रतिक्रिया सारखी असलेली पुडकीच एका गटात घ्यायची. गांजात दुसरी गफलत. कायद्याने गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर सुटी पानं आणि बिया त्यात येत नाहीत. झाडं मुळासकट काट्यावर चढवली की २२ किलो भरतात, व्यापारी प्रमाण २० किलो, आणि मग न्यायालयात विचारलं जातं की शेंडे किती? उत्तर नसतं.

त्यानंतर मुद्देमाल खोलीची नोंद, सील कुणाकडे होतं, प्रयोगशाळेत पोचताना सील शाबूत होतं का, पाठवायला उशीर झाला तर का. यातला एक दुवा तुटला तरी नमुना त्याच मालाचा हे सिद्ध होत नाही. पूर्वी कबुलीजबाबावर भागत असे. अधिकाऱ्यांनी कलम ६७ खाली घेतलेला जबाब २०२० च्या तूफान सिंग निकालानंतर कबुली म्हणून चालत नाही. न्यायालयांनी हे सगळं आरोपीवर दया म्हणून केलेलं नाही. शिक्षा जितकी कठोर, पुरावा तितका काटेकोर हवा, हे तत्त्व त्यांनी वारंवार सांगितलं आहे. म्हणून शिक्षा आणखी वाढवलीस तर तपास जागच्या जागी असताना सुटणारे वाढतील. आणि ज्याचा वकील पंचनामा नीट वाचतो तो सुटेल. तसा वकील कुणाला परवडतो, हे तुला सांगायला नको.

वरच्या माणसाचं काय? सप्टेंबर २०२१ मध्ये मुंद्रा बंदरावर टाल्कच्या नावाखाली आलेलं जवळपास ३ हजार किलो हेरॉइन पकडलं. एवढा माल मांडीला बांधून येत नाही. त्यामागे कंपन्या, आयात परवाने, पैशाची फिरवाफिरव असते. कलम ३१-अ मध्ये पैसा पुरवणाऱ्यालाही फाशी आहे, पण त्याच्यापर्यंत पोचायला बँकेचे व्यवहार आणि हवाला उलगडावा लागतो. बहुतेक तपास पुडक्यापाशीच थांबतो. आणि हा माणूस परदेशात बसला असेल तर? आपल्याच प्रत्यर्पण कायद्याचं कलम ३४-क सांगतं की पाठवणाऱ्या देशात त्या गुन्ह्याला फाशी नसेल तर इथेही त्याला फक्त जन्मठेप. म्हणजे युरोपातून आणलेला सूत्रधार वाचणार आणि त्याचा इथला हमाल, दुसऱ्यांदा सापडला तर, लटकू शकणार. तुझ्या चौकातल्या फाशीत नेमका कोण उभा असेल ते यावरून बघ.

‘घरंच्या घरं बरबाद करणारा खुन्यापेक्षा कमी कसा?’ हा तुझा प्रश्न मी टाळत नाही. नैतिक दोष कमी आहे असं मी म्हणतच नाही. पण खुनाच्या खटल्यातही फाशी ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ प्रकरणात, आणि तीही त्या माणसाचं सगळं आयुष्य पाहून द्यायची असं १९८० पासून आपलं न्यायशास्त्र सांगतं. इथे आपण फक्त काट्यावरचा आकडा पाहणार? भारत ज्या नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारात १९७९ मध्ये सामील झाला त्यात फाशी फक्त अत्यंत गंभीर गुन्ह्यांपुरती आहे आणि त्याची देखरेख करणाऱ्या समितीने २०१८ मध्ये स्पष्ट केलं की त्यात हेतुपुरस्सर जीव घेणंच येतं, अंमली पदार्थांचे गुन्हे येत नाहीत. शेजारीही मागे फिरताहेत. पाकिस्तानने २०२३ मध्ये या गुन्ह्याची फाशी काढली, मलेशियाने त्याच वर्षी सक्ती काढली, व्हिएतनामने २०२५ मध्ये नुसत्या वाहतुकीची काढली.

तुझ्या मंडळाच्या ठरावात काही मागायचंच असेल तर हे माग: प्रत्येक जिल्ह्यात नमुने काढण्यासाठी दंडाधिकाऱ्याची वेळ ठरलेली असावी, प्रयोगशाळेचा अहवाल मुदतीत यावा, व्यापारी प्रमाणाच्या प्रत्येक गुन्ह्यात आर्थिक तपास सक्तीचा असावा. टाळ्या कमी पडतील, चालेल.

शेवटी तुझ्या भाच्याचं. तो नोकरीसाठी सिंगापूरला चाललाय म्हणून विचारलंस, तर त्याला एवढं सांग. दुसऱ्याने भरलेली बॅग, लोणच्याची बरणी, ‘माझ्या भावाला दे’ म्हणून दिलेलं बंद पाकीट, काहीही घ्यायचं नाही, मग ते सख्ख्या आत्याचं का असेना. बॅगेला कुलूप लावून किल्ली स्वतःकडे ठेवायची आणि विमानतळावर दुसऱ्याच्या सामानाला हात लावायचा नाही. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन आणि काही वेदनाशामकांत ट्रामाडोल असतं. अशी औषधं लागत असतील तर निघण्याआधी तिथल्या आरोग्य यंत्रणेची परवानगी घ्यायची, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी मूळ नावासह आणि गोळ्या मूळ वेष्टनात. आणि कधी अडकलाच, तर पहिलं वाक्य हे: मला भारतीय उच्चायुक्तालयाशी बोलायचंय. १९६३ च्या व्हिएन्ना कराराने त्याला तो हक्क दिला आहे. न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करायची नाही, दुभाषा मागायचा.

तुझा,
श्रीकांत